लिनक्सवरचा पायथन नेमका कोणाचा?

१० जून २०२३ रोजी डेबियन या लिनक्स डिस्ट्रोची बारावी आवृत्ती, बुकवर्म, प्रसिद्ध झाली आणि असंख्य लोकांच्या बोटांना सवय झालेली एक कमांड चालेनाशी झाली. पायथन शिकणारा विद्यार्थी असो की मुरलेला संशोधक, नवी लायब्ररी हवी असली की टर्मिनलमध्ये 'पिप इन्स्टॉल' आणि पुढे लायब्ररीचे नाव, एवढे लिहून भागत असे. बुकवर्मवर त्याच ओळीला नकार मिळू लागला. इथला पायथन बाहेरून सांभाळला जातो. लायब्ररी एपीटी या डेबियनच्या साधनाने बसवा, नाहीतर स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रकल्पापुरता वेगळा कप्पा, तयार करा, असा मजकूर समोर येऊ लागला. उबुंटूने हाच बदल दोन महिने आधी, २३.०४ या आवृत्तीत केला होता. आर्च लिनक्सही त्याच वर्षी त्या वाटेने गेले.

बदल एका ओळीपुरता दिसतो, पण त्यामागचा वाद दोन दशकांहून जुना आहे. मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमवर एखाद्या प्रोग्रामिंग भाषेची साधने कोणी बसवायची, कोणत्या आवृत्तीची, आणि पुढे त्यांत खोट निघाली तर ती दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची? रस्ट, गो आणि नोडच्या बाबतीतही हा प्रश्न येतो. पायथनमध्ये तो सर्वांत तीव्र झाला, कारण लिनक्सची कितीतरी कामे स्वतःच पायथनवर चालतात.

दोन परंपरा

इयन मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये डेबियनची घोषणा केली. जगभर विखुरलेल्या मुक्त सॉफ्टवेअरचे तुकडे गोळा करून, एकमेकांशी जुळवून, एका हाताने दिल्यासारखे द्यायचे, ही त्यामागची कल्पना. मार्च १९९९ मध्ये आलेल्या डेबियन २.१ बरोबर एपीटी हे साधन आले आणि एका कमांडवर एखादे पॅकेज, त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररींसह, यंत्रावर उतरू लागले. बुकवर्ममध्ये अशा पॅकेजांची संख्या ६४ हजारांवर गेली. प्रत्येकामागे कोणीतरी मेंटेनर आहे आणि स्थिर आवृत्तीत साधारणपणे एका लायब्ररीची एकच प्रत ठेवायची, हा दंडक आहे.

दुसरी परंपरा भाषांच्या बाजूने वाढली. पर्लच्या मंडळींनी १९९५ मध्ये सीपॅन हे भांडार उघडले. तिथे लेखक स्वतःचे काम थेट ठेवतो आणि वापरणारा थेट उचलतो. मध्ये कोणी संपादक नाही. ग्विदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये जगापुढे ठेवलेल्या पायथनला असे भांडार २००३ मध्ये मिळाले, ते म्हणजे पायपीआय. वर्षभरात तिथून लायब्ररी उतरवून बसवणारे ईझी इन्स्टॉल आले. मग इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये व्हर्च्युअलएन्व्ह आणि २००८ मध्ये पिप लिहिले. आज पायपीआयवर ५ लाखांहून अधिक प्रकल्प आहेत. एवढे सगळे तपासून, जुळवून आपल्या छत्राखाली आणणे कोणत्याही डिस्ट्रोला शक्य नाही, आणि कोणी तसा दावाही करत नाही.

दोन्ही परंपरा आपापल्या जागी शहाण्या होत्या. अडचण आली ती दोघी एकाच पायथनमध्ये लायब्ररी बसवू लागल्यावर.

एका पायथनवर दोघांचा हक्क

रेड हॅट घराण्यातल्या सेंटओएस ७ वर पॅकेज बसवण्याचे साधन होते यम, आणि ते पायथन २ मध्ये लिहिलेले होते. नवा पायथन ३ बसवून 'पायथन' हे नाव त्याच्याकडे वळवले की यम पहिल्याच जुन्या वळणाच्या ओळीवर अडखळून बंद पडे. म्हणजे जे साधन वापरून चूक दुरुस्त करायची, तेच बिघडे. उबुंटूवर 'पायथन ३' ही जोडणी दुसऱ्या आवृत्तीकडे वळवणाऱ्यांनाही असाच फटका बसला. 'एपीटी पीकेजी नावाचे मोड्यूल सापडत नाही' ही तक्रार तिथूनच येते, कारण ते मोड्यूल सिस्टिमच्या ठरलेल्या पायथनसाठी बांधलेले असते. काही आवृत्त्यांत तर टर्मिनलची खिडकीच उघडेना. तिला सुरू करणारी छोटी स्क्रिप्ट पायथनमधली होती.

लायब्ररींचे दुखणे याहून सूक्ष्म होते. डेबियनवर एपीटीने बसवलेल्या पायथन लायब्ररी एका फोल्डरमध्ये जातात आणि 'सुडो पिप'ने बसवलेल्या 'लोकल' नावाच्या दुसऱ्या. मात्र पायथन लायब्ररी शोधताना 'लोकल'मध्ये आधी पाहतो. एखाद्याने आपल्या प्रकल्पासाठी तिथे एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती टाकली, की जुन्या आवृत्तीवर विसंबलेले सिस्टिमचे प्रोग्रामही नकळत तीच उचलू लागतात. बिघाड कधी लगेच दिसतो, कधी दोन महिन्यांनी अपडेटच्या वेळी. तोवर आपण काय केले होते ते करणारा विसरलेला असतो. शिवाय सोर्समधून बसणाऱ्या पॅकेजमधली स्क्रिप्ट बसवतानाच चालते. 'सुडो' लावले, म्हणजे अनोळखी माणसाने लिहिलेला तो कोड रूटच्या अधिकाराने चालला.

त्यातच पायथन २ ते ३ हे लांबलेले स्थित्यंतर. आर्चने २०१० मध्येच 'पायथन' हे नाव तिसऱ्या पिढीला दिले, इतरांनी दिले नाही. १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चा अधिकृत आधार संपला, तेव्हाही कोणत्या यंत्रावर त्या नावाने काय उघडेल, याचा नेम नव्हता. रेड हॅटने २०१९ च्या आरएचईएल ८ मध्ये वेगळा तोडगा काढला: सिस्टिमच्या कामांसाठी 'प्लॅटफॉर्म पायथन' आतल्या फोल्डरमध्ये ठेवला आणि वापरणाऱ्यांसाठी इतर आवृत्त्या स्वतंत्रपणे दिल्या. मालकी वेगळी केल्याशिवाय मार्ग नाही, हे एका मोठ्या डिस्ट्रोने तिथे कृतीतून मान्य केले.

एका फाइलीचा तह

पायथनमधल्या बदलांचे औपचारिक प्रस्ताव 'पेप' म्हणून क्रमांकाने ओळखले जातात. पेप ६६८ हा २०२१ मध्ये मांडलेला प्रस्ताव बुकवर्ममधल्या नकाराच्या मुळाशी आहे. त्याची यंत्रणा अगदी साधी आहे. डिस्ट्रोने पायथनच्या मूळ लायब्ररीच्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाची एक फाइल ठेवायची. पिपने ती पाहिली की त्या जागी काही बसवायला नकार द्यायचा आणि फाइलीतला मजकूर वापरणाऱ्याला दाखवायचा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये ही अडवणूक नाही. पिपच्या २३.० या आवृत्तीने, जानेवारी २०२३ मध्ये, ही खूण मानायला सुरुवात केली.

या प्रस्तावाचे लेखक कोण, हे पाहण्यासारखे आहे. डेबियनमधला पायथन सांभाळणारे माथियास क्लोजे आणि स्टेफानो रिव्हेरा त्यात आहेत, तसेच पिपच्या बाजूचे डोनाल्ड स्टफ्ट आणि प्रद्युन गेडामही आहेत. वर्षानुवर्षे एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या दोन गटांनी एकत्र बसून लिहिलेला हा कागद आहे आणि या साऱ्या इतिहासातले ते सर्वांत समजूतदार पाऊल होते, असे म्हणायला हरकत नाही.

तरी तहाची किंमत नवख्यांनी मोजली. जुन्या पुस्तकांत, व्हिडिओंत आणि प्रयोगशाळांच्या वह्यांत 'सुडो पिप'च लिहिलेले आहे. नकार मिळालेला विद्यार्थी सल्ल्याप्रमाणे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करायला जातो, तर डेबियन आणि उबुंटूवर त्यासाठीचे पॅकेज आधी वेगळे बसवावे लागते. भाषेच्या मूळ वितरणात ही सोय २०१२ च्या ३.३ पासून आहे आणि तिच्यात पिप आपोआप बसवण्याची सोय २०१४ च्या ३.४ पासून, पण डेबियनने ती आपल्या धोरणानुसार वेगळ्या पॅकेजात काढून ठेवली. ज्या मार्गाने जा म्हणून सांगायचे, तो मार्ग सिस्टिमबरोबरच तयार मिळायला हवा होता. दुसरीकडे, नकार ओलांडण्यासाठी पिपने एक पर्याय दिला आणि त्याचे नावच 'सिस्टिमची पॅकेजे मोडा' अशा अर्थाचे ठेवले. घाईतला माणूस तोही बिनदिक्कत वापरतो.

डिस्ट्रोची बाजू

डिस्ट्रो सांभाळणाऱ्यांचा मुख्य मुद्दा सुरक्षेचा आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली 'हार्टब्लीड' ही खोट उघड झाली, तेव्हा ज्यांचे सगळे प्रोग्राम सिस्टिमची एकच सामायिक प्रत वापरत होते त्यांना एक पॅकेज अपडेट करून, सेवा पुन्हा सुरू करणे पुरले. प्रत्येक प्रकल्पाने आपली प्रत आत कोंबली असती तर ती शोधत फिरावे लागले असते. ही भीती काल्पनिक नाही. पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणाऱ्या सायकोपीजी २ चे तयार बांधलेले पॅकेज आपल्याबरोबर स्वतःची ओपनएसएसएल घेऊन येते, आणि प्रत्यक्ष सेवेसाठी ते वापरू नका, असे त्याच्या लेखकांनीच सांगून ठेवले आहे.

दुसरा मुद्दा काळाचा. पायथनची नवी आवृत्ती आता दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते आणि तिला साधारण ५ वर्षे आधार मिळतो. आरएचईएल ८ चा सिस्टिम पायथन आहे ३.६. मूळ प्रकल्पाने त्याचा आधार डिसेंबर २०२१ मध्ये थांबवला, तर रेड हॅटने आरएचईएल ८ चा आधार २०२९ पर्यंत कबूल केला आहे. मधली सात-साडेसात वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे वळवून जुन्या कोडात बसवण्याचे काम डिस्ट्रोचे अभियंते करतात. बँका, रुग्णालये, सरकारी कार्यालये अशाच स्थैर्यावर चालतात. हे काम दिसत नाही, म्हणून त्याचे मोल कमी धरले जाते.

भाषेची बाजू

पायथनकारांचे म्हणणेही तितकेच भक्कम आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला विंडोज, मॅक आणि दहा प्रकारच्या लिनक्सवर एकच कृती सांगता आली पाहिजे. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पायथन एकच असतो, बुकवर्ममध्ये ३.११ आणि ऑगस्ट २०२५ च्या ट्रिक्सीमध्ये ३.१३, पण एकाच माणसाच्या दोन प्रकल्पांना दोन वेगळ्या आवृत्त्या लागू शकतात. डिस्ट्रोमधली लायब्ररी जुनी असली की तिच्यातल्या केव्हाच्या दुरुस्त झालेल्या दोषांच्या तक्रारी मूळ लेखकाकडे येतात, हे दुखणे वेगळेच. फेडोराने यावर चांगला उपाय काढला आहे: सिस्टिमच्या पायथनशेजारी जुन्या-नव्या कितीतरी आवृत्त्या, केवळ विकसकांना चाचणीसाठी, पॅकेज म्हणून उपलब्ध असतात.

भाषेच्या बाजूने तांत्रिक प्रगतीही मोठी झाली. पूर्वी पिपने लिनक्सवर काही बसवायचे म्हणजे सी किंवा फोरट्रानचा कोड जागेवर कंपाइल करणे आले, आणि एखादी हेडर फाइल नसली की पानभर चुका. २०१६ मध्ये 'मेनीलिनक्स' हे प्रमाण ठरले. सेंटओएस ५ इतक्या जुन्या सिस्टिमवर पॅकेज बांधायचे, म्हणजे ते नव्या कोणत्याही नेहमीच्या लिनक्सवर चालेल, आणि बाकी लागणाऱ्या लायब्ररी आत भरून द्यायच्या. नमपायसारखी अवजड लायब्ररी त्यामुळे काही सेकंदांत बसू लागली. ही सोय म्हणजेच डिस्ट्रोवाल्यांना खटकणारी आत कोंबलेली प्रत. एकाच गोष्टीकडे दोघे दोन बाजूंनी पाहतात आणि दोघांचेही बरोबर आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये हा ताण उघडा पडला. क्रिप्टोग्राफी या लोकप्रिय पायथन लायब्ररीने आपल्या ३.४ आवृत्तीत रस्टचा वापर सुरू केला. स्मृतीच्या चुका टाळणारी भाषा सुरक्षेच्या लायब्ररीत आणणे लेखकांना योग्य वाटले. ज्यांना तयार पॅकेज मिळत होते त्यांना काही कळलेही नाही. पण तेव्हा तशी तयार पॅकेजे न मिळणाऱ्या अल्पाइन लिनक्सवर बांधणी अचानक अडली, आणि रस्टचा कंपायलर जिथे पोहोचलाच नव्हता अशा जुन्या प्रोसेसरांसाठी जेंटू किंवा डेबियन चालवणाऱ्यांपुढे वाटच उरली नाही. आपल्या लायब्ररीखालची जमीन कोणती असावी हे लेखकाने एकट्याने ठरवावे का, यावर तेव्हा झालेली चर्चा कडवट होती. तिचा निकाल लागला नाही. रस्टचा वापर मात्र वाढत गेला.

बाजूच्या वाटा

वैज्ञानिकांनी फार पूर्वीच वेगळा रस्ता धरला. त्यांना लागणारे सामान निव्वळ पायथनचे नसतेच. गणिती लायब्ररी, फोरट्रान, ग्राफिक्स कार्डची साधने असे सगळे एकत्र लागते. नमपायचे कर्ते ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी लिहून ठेवले आहे, की २०१२ मध्ये खुद्द ग्विदोंनी, तुमच्या गरजा इतक्या निराळ्या आहेत तर स्वतःचे साधन बांधा, असे सुचवले. त्यातून कोंडा आले. ते पायथनसकट सारे काही घरच्या फोल्डरमध्ये बसवते, रूटचा अधिकार मागत नाही. पण २०२० मध्ये कोंडा बनवणाऱ्या अ‍ॅनाकोंडा कंपनीने आपल्या मुख्य भांडाराच्या अटी बदलल्या आणि २०० हून अधिक माणसांच्या संस्थांना पैसे भरणे आले. साधन मुक्त, भांडार सशर्त, हा फरक अनेकांना तेव्हा प्रथम जाणवला. स्वयंसेवकांनी चालवलेले कोंडा-फोर्ज हा त्यावरचा आधार.

निक्स आणि गिक्स या पॅकेज-साधनांची वाट तात्त्विकदृष्ट्या सर्वांत नेटकी आहे. प्रत्येक पॅकेजला त्याच्या घटकांवरून ठरणारा स्वतंत्र पत्ता मिळतो, त्यामुळे दहा आवृत्त्या शेजारी शेजारी सुखाने राहतात. त्यासाठी नवी भाषा आणि नवा विचार शिकावा लागतो. डॉकरने २०१३ नंतर प्रश्न उचलून डब्यात ठेवला: सिस्टिमचा पायथन मोडला तरी तो डब्यापुरता. सर्व्हरसाठी हे उत्तम, वर्गात पहिला प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी नाही.

रस्टचा धडा, युव्हीची झेप

रस्टच्या निर्मात्यांनी डिस्ट्रोंवर विसंबणे सुरुवातीपासूनच टाळले. भाषेची नवी आवृत्ती दर ६ आठवड्यांनी येते, तर बुकवर्ममध्ये होती १.६३, ऑगस्ट २०२२ ची. म्हणून रस्टअप हे साधन कंपायलरच वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरमध्ये आणते आणि आवृत्त्या सांभाळते. गोने ऑगस्ट २०२३ च्या १.२१ मध्ये पुढची मजल मारली: प्रकल्पाला नवी आवृत्ती हवी असेल तर गो स्वतःच ती उतरवून घेतो. डेबियन किंवा रेड हॅटची अंतर्गत कामे रस्ट-गोच्या तुमच्या प्रतीवर चालत नसल्याने इथे भांडणही कमी झाले.

पायथनमध्ये हे वळण फेब्रुवारी २०२४ मध्ये अ‍ॅस्ट्रल या कंपनीच्या युव्हीने आणले. ते रस्टमध्ये लिहिलेले आहे, पिपपेक्षा कितीतरी वेगवान आहे, आणि काही महिन्यांत ते पायथनची हवी ती आवृत्तीही स्वतः आणू लागले. सिस्टिमच्या पायथनला हात लावायची गरजच संपली. हे आयते पायथन ग्रेगरी झॉर्क यांनी सुरू केलेल्या स्वतंत्र बांधणी-प्रकल्पातून येतात. तो आता अ‍ॅस्ट्रलकडे आहे. नवख्याच्या दृष्टीने एवढी सोपी वाट पायथनला आजवर मिळाली नव्हती.

सोय खरी आहे, तशी एक गोष्टही लक्षात ठेवायला हवी. या पायथनमध्ये ओपनएसएसएल आतच जोडलेली असते. उद्या तिच्यात खोट निघाली तर एपीटीने सिस्टिम अपडेट करून हा पायथन दुरुस्त होत नाही. वापरणाऱ्याने आठवणीने नवा उतरवावा लागतो. हार्टब्लीडच्या वेळचा प्रश्न घरच्या फोल्डरमध्ये येऊन बसला आहे.

अजून न सुटलेले

विश्वास कोणावर ठेवायचा, यावर एकमत नाही. मे २०२२ मध्ये पायपीआयवरचे 'सीटीएक्स' हे पॅकेज एकाने हडपले. मूळ लेखकाच्या ईमेलचे डोमेन मुदत संपून मोकळे झाले होते, ते विकत घेऊन. त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पायटॉर्च या लायब्ररीच्या रोजच्या चाचणी आवृत्तीबरोबर लिनक्स यंत्रांवर एक बनावट घटक शिरला. पायपीआयने पुढे दुहेरी ओळख सक्तीची केली आणि पॅकेज कुठे बांधले गेले हे सिद्ध करण्याची सोय दिली. पण डिस्ट्रोची भिंतही अभेद्य नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिन किंचित रेंगाळते हे खटकले आणि एक्सझेड या लायब्ररीत पेरलेली चोरवाट सापडली. ती डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत पोहोचली होती. स्थिर आवृत्तीत मात्र शिरली नव्हती. डिस्ट्रोचा संथपणा त्या वेळी कामी आला, ही नोंद वादात विसरली जाऊ नये.

दुसरा प्रश्न, एन्व्हायर्नमेंट सक्तीचे असावे का. पुण्यातून बराच काळ काम केलेले कुशल दास २०१८ च्या पेप ५८२ च्या लेखकांत होते. प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच एका ठरलेल्या उपफोल्डरात लायब्ररी ठेवाव्यात, म्हणजे नवशिक्याला एन्व्हायर्नमेंट 'चालू' करण्याचा सोपस्कार शिकावा लागणार नाही, हा त्याचा गाभा. मार्च २०२३ मध्ये तो फेटाळला गेला. त्याच वर्षी पिपने एन्व्हायर्नमेंटखेरीज कुठेही बसवायला डीफॉल्ट म्हणून नकार द्यावा, असा पेप ७०४ आला आणि मागे घेतला गेला. नवशिक्यासाठी नेमके काय असावे, हे भाषेच्या बाजूलाही अजून ठरवता आलेले नाही.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने हाच भाग कळीचा. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर आणि पायथन देशभरच्या वर्गांत नेले. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. जिथे साठ विद्यार्थ्यांना एका मंद जोडणीवर काम करायचे असते, तिथे प्रत्येकाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये तीच लायब्ररी पुन्हा उतरवणे परवडत नाही. ग्राफिक्स कार्डसह पायटॉर्च म्हणजे काही जीबी. युव्ही एकच साठा सामायिक वापरून डिस्कवरची जागा वाचवते, पण तो साठा एका खात्यापुरता. संपूर्ण प्रयोगशाळेसाठी आजही एपीटीने नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब एकदाच बसवणे सर्वांत स्वस्त पडते, आणि डिस्ट्रोच्या पॅकेजांचा हा उपयोग चर्चेत फारसा कोणी सांगत नाही.

तिसरा प्रश्न दोन परंपरांच्या सांध्यावरचा. पायथनच्या पॅकेजला सी कंपायलर किंवा पोस्टग्रेसची लायब्ररी लागत असेल, तर ते एपीटी किंवा रेड हॅटकडच्या डीएनएफ या साधनाला कळेल अशा भाषेत सांगण्याची सर्वमान्य पद्धत नाही. पेप ७२५ मध्ये तशी योजना मांडली आहे: बाहेरच्या गरजा पॅकेजच्याच माहितीत लिहायच्या, म्हणजे प्रत्येक डिस्ट्रो आपापल्या पॅकेजनावाशी त्यांची जुळणी करू शकेल. प्रकल्पाला लागणाऱ्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या लॉक फाइलचे सामायिक रूप ठरवणारा पेप ७५१ मार्च २०२५ मध्ये मंजूर झाला. ७२५ चा मसुदा मात्र २०२३ पासून चर्चेत आहे. तो मार्गी लागला तर पिप आणि एपीटी यांना एकमेकांच्या फोल्डरमध्ये न शिरता एकमेकांना काय हवे ते सांगता येईल.